पडद्यातून पडलेला गुप्तहेर

आमच्या घराण्यात सिनेमात काम केलेला मी एकटाच. काम एकाच खेळापुरतं होतं, आणि ते संपेपर्यंत आपण काम करतोय हे मलाही ठाऊक नव्हतं.

गोष्ट जुनी आहे. सिनेमा अजून मुका होता आणि मी नवा नवरा होतो, म्हणजे मीही जवळजवळ मुकाच. घरात वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलायची सोय नव्हती. द्वारका चुलीपाशी, मी ओट्यावर, आणि मध्ये आबा! आबा म्हणजे माझे वडील. ते खोकले तरी घरातली मांजरं अंग चोरायची. पाणी हवं असलं तर मी भिंतीकडे बघून म्हणायचो, "तहान लागनी." मग पदराआडून एक हात तांब्या ठेवून जायचा. त्या हाताला मी चांगला ओळखत होतो. बाकीची द्वारका अजून ओळखायची होती.

त्यात आबांचा काटकसरीचा एक नियम होता. घरातल्या बायकांची लुगडी एकाच दुकानातून, एकाच रंगाची, एकाच काठाची घ्यायची. "घासाघीस एकच डाव करनी पडस," हा त्यांचा हिशेब. त्यामुळे माय आणि द्वारका दोघी हिरव्या लुगड्यात, लाल काठात, डोक्यावरून पदर. पाठमोऱ्या उभ्या राहिल्या की सासू कोणती आणि सून कोणती हे फक्त देव जाणे.

लग्नानंतरची पहिली आखाजी जवळ आली होती. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण. सासुरवाशिणी माहेरी जातात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि वर्षभराचं साठलेलं मन तिथे मोकळं करून येतात. आणायला भाऊ येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. द्वारकेचा भाऊ नथू बैलांवर नवी झूल घालून गाडी घेऊन आला आणि ओट्यावर टेकायच्या आतच म्हणाला, "आबा, बहीनले लेवाले उनू."

"पानी पी, भाकर खा," आबा म्हणाले, "आनि जसा उना तसाच परत जा."

कारण? लग्नातले मांडे! पंगतीत व्याह्यांनी तुपाची धार आबांच्या पानात सोडायच्या आधी शेजारच्या पानात सोडली होती. शेजारी कोणी ऐरागैरा नव्हता, आमचेच चुलते होते. पण आबांनी ती धार मनात धरून ठेवली. "तुन्हा बापले सांग, सोता येवो. मंग दखसू." नथू पाणी प्यायला, भाकरी खाऊन उठला आणि रिकामी गाडी घेऊन तो परत गेला.

त्या दिवसापासून पहाटे जात्याची घरघर ऐकू यायची, ओवी मात्र ऐकू यायची नाही. मध्येच नाक ओढल्याचा आवाज यायचा. मी गोधडीत पडून ऐकायचो. मनात म्हणायचो, ऊठ गिरधर, जा आणि आबांना सांग! मग आबा खोकायचे, आणि मी गोधडी डोक्यावरून ओढायचो. एकंदरीत आमच्या घरात पदर घ्यायचा तर तो मी घ्यायला हवा होता.

त्याच सुमारास धुळ्यात पांझरेच्या काठी सिनेमाचा तंबू आला. आमचं गाव धुळ्याहून पायी सहज जाण्याइतकं जवळ. आबांनी लगेच फर्मान काढलं, "तंबूमा जो जाई त्यानी तंगडी मोडसू! सावलीसना तमाशा दखतस काय!" पण माझा मित्र सुपडू ऐकेना. "चाल ना रे भो! बठ्ठं गाव दखी उनं!" बाजाराच्या निमित्ताने आम्ही गेलो.

तो तंबू नीट सांगायला हवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यावरच उभा आहे. पडदा तंबूच्या टोकाला नव्हता, अगदी मधोमध टांगलेला होता. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. खेळ सुरू होण्याआधी एक माणूस पिचकारीने पडदा भिजवायचा, म्हणजे चित्र आरपार उमटायचं आणि बायकांना मागूनही दिसायचं. (उलटं दिसायचं. आपल्याला उजव्या हाताने मारलेली थप्पड बायकांना डाव्या हाताची. पण थप्पड ती थप्पड!) खाली एक पेटीवाला, एक तबलजी, आणि भोंगा घेतलेला एक माणूस चाललेली गोष्ट ओरडून सांगणारा.

गोष्ट एका गुप्तहेराची. हातात परातीएवढं भिंग, अंगात लांब कोट, ओठावर खोटी मिशी. तो चोर समजून न्यायाधीशाच्या मागे लागतो, खांबामागे लपतो, शिडीवरून पडतो, चिखलातून उठतो आणि पुन्हा पाठलाग करतो. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. सुपडूला तर ठसका लागला. तंबूत न हसणारा मी एकटा होतो. सगळे हसत होते, आणि मी शिकत होतो!

का शिकत होतो, तर घरी एक गूढ तयार होत होतं. द्वारकेचं रडणं अचानक थांबलं. (सुपडू म्हणाला, "मंग चांगलंच शे ना!" त्याला गुन्ह्यातलं काही कळत नाही.) शिवाय ती दुपारी शिंकाळ्याखाली दोन भाकरी बाजूला ठेवत होती. आणि सुपडूच्या बायकोकडून पक्की बातमी आली, की द्वारकेने तिला धुळ्याची पायवाट विचारली. द्वारकेचं माहेर नरडाण्याकडे. तिकडे जायचं तर धुळ्यावरूनच जावं लागतं. गूढ उकललं. पोरगी एकटी माहेरी पळून जाणार!

आणि सून आपल्या पायांनी उंबरा ओलांडून गेली, की आबा तिला पुन्हा घरात घेणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. तुपाची धार जो विसरत नाही तो हे काय विसरणार! मग तांब्या ठेवणारा तो हात मला पुन्हा दिसणार नव्हता. ती शिवेबाहेर पडायच्या आधी तिला गाठायचं आणि समजावून परत आणायचं, आबांना काही कळायच्या आत. हे काम साध्या नवऱ्याचं नव्हतं, गुप्तहेराचं होतं.

वेशांतर करणं भागच होतं. सुपडूचे मामा कोर्टात पट्टेवाले, त्यांचा जुना काळा कोट मिळाला. मिशी मात्र कुठून आणायची? माझी स्वतःची अजून वाटेत होती. पण खानदेशात आणखी काही नसलं तरी कापूस असतो! सुपडूने सरकी काढून दोन पेळू वळले, तव्याच्या काजळीत घोळले आणि बाभळीच्या डिंकाने माझ्या ओठावर चिकटवले.

"निघी ना नंतर?" मी विचारलं.

"निघी," सुपडू म्हणाला. "कवय ना कवय निघी."

दिवस कलला. आबा दुपारीच धुळ्याला भजनाला गेले होते. (आबांना भजनाची गोडी नुकतीच, तंबू आला त्याच आठवड्यात लागली होती, पण हा धागा गुप्तहेराच्या नजरेतून सुटला.) माय "महादेवले जाई येस" म्हणून मघाशीच बाहेर पडली होती. आणि मागच्या दारातून हिरवं लुगडं, लाल काठ, काखेत गाठोडं अशी द्वारका निघाली. मी कोटाची कॉलर वर केली आणि पाठलाग सुरू झाला.

सिनेमातला गुप्तहेर खांबामागे लपायचा. आमच्या पायवाटेला खांब कुठले? म्हणून मी एका चरणाऱ्या बैलामागे लपलो. खांबात आणि बैलात फरक असा, की खांब चालू पडत नाही. बैल निघून गेला आणि मी भर शेतात वाकून, एक डोळा मिटून, उघडाच उभा राहिलो. समोरून गावचा जागल्या येत होता.

"राम राम गिरधरभाऊ!" तो म्हणाला. "मिशी कवय उनी?"

मी भारदस्त आवाज काढला. "आम्ही गिरधर नाही. आम्ही परगावचे."

"बरं बरं," तो म्हणाला. "मायले सांगा, उद्या ताक लेवाले येस."

पुढे एका म्हातारीनेही हटकलं. "गिरधर, तोंडले काजय लागेल शे रे, पूस ना!" एवढ्या पक्क्या वेशांतरात मला न ओळखणारा त्या वाटेवर एकच प्राणी भेटला, तो म्हणजे सुपडूचा कुत्रा. तो घोट्याला चावला.

लंगडत लंगडत मी पांझरेच्या काठी पोचलो तोवर अंधारून आलं होतं. हिरवं लुगडं गर्दीत शिरलं आणि सरळ तंबूत गेलं, बायकांच्या दाराने! मी लगेच ओळखलं. गर्दीत दडून राहायचं आणि संधी साधून नरडाण्याची वाट धरायची, हा जुना डाव! पण बायकांच्या दारावर एक धिप्पाड बाई उभी होती. तिने माझ्या मिशीकडे अशी नजर टाकली, की मी तंबूला वळसा घालून कनातीखालून सरपटत आत गेलो.

आत अंधार, आणि पडद्याच्या उजेडात शंभर पदर. आता ओळखायचं कसं? पण गुप्तहेर माणसाकडे बघत नाही, पुराव्याकडे बघतो. मी रांगत रांगत गाठोडं शोधू लागलो. तिसऱ्या रांगेत ते सापडलं! हिरवं लुगडं, लाल काठ, आणि मांडीवर तेच गाठोडं. मी मागून जवळ सरकलो, मनगट धरलं आणि लग्नापासून जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं एका दमात कानाशी बोलून टाकलं.

"जाऊ नको. तुन्हा पाया पडस, जाऊ नको. आबासंगे मी बोलस, मारो नही ते काही करो. तू गयी ते माले घरमा करमाव नही. तू जातावर रडस तवय मी बी गोधडीमा रडस. माले तुन्हाशिवाय कोन्ही नही."

तो पदर हळूहळू वळला.

"मी कथीच जाई नही राहिनू, पोऱ्या," माय म्हणाली. "पन तुन्हा तोंडले हाई काय चिकटेल शे?"

मी हात सोडला. माझ्या आयुष्यातलं एकुलतं एक प्रेमाचं भाषण मी आपल्या आईला ऐकवलं होतं! शेजारी दुसरं हिरवं लुगडं हातात भाकरीचा तुकडा धरून थिजलं होतं. ती द्वारका. मी कुत्र्याशी झटत मागे राहिलो तेवढ्यात, नदीपाशी वाट बघत उभ्या असलेल्या मायने गाठोडं तिच्याकडून घेतलं होतं, सुनेचा हात भरून आला म्हणून. पुरावा बरोबर होता. फक्त गुन्हेगार बदलला होता.

एवढ्यात मागच्या बाईला माझी मिशी दिसली. "बायकासमा बाप्या उना वं माय!" झालं! शंभर पदर एकदम उठले. कोणी चप्पल काढली, कोणी पानाचा डबा. कुत्रा चावलेल्या पायाने मी उजेडाच्या दिशेला पळालो, आणि तंबूत उजेड एकाच ठिकाणी असतो.

तिकडे पडद्यावर गुप्तहेर पाण्याच्या हौदात उडी मारत होता. भोंगेवाला ओरडला, "पहा मंडळी, पहा! गुप्तहेरसाहेबांनी घेतली उडी!" आणि त्या क्षणी ओला पडदा टर्रकन फाटला आणि हौदातून मी बाहेर पडलो! काळा कोट, मिशी, सगळं नखशिखांत ओलं. पुरुषांच्या बाजूला असा हशा उठला, की तंबूचे खुंट हलले. भोंगेवाला कसलेला माणूस. तो डगमगला नाही. "आणि मंडळी," तो म्हणाला, "गुप्तहेरसाहेब प्रत्यक्ष आपल्या धुळ्यात!"

मी पडलो तो पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थाच्या मांडीवर. ते गृहस्थ पोट धरून हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पागोटं मानेवर आलं होतं. असं मनापासून हसणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी बघतच राहिलो. मग पागोटं ओळखीचं वाटलं.

ते आबा होते.

"कोन शे रे तू?" हसता हसता त्यांनी विचारलं.

घाबरलेल्या माणसाच्या तोंडून खरं येतं म्हणतात. मी म्हटलं, "गुप्तहेर."

आबांनी माझी मिशी धरून ओढली. अर्धी त्यांच्या हातात आली, अर्धी डिंकाशी एकनिष्ठ राहिली. त्यांचं हसू तिथल्या तिथे गोठलं. "गिरधर?" ते गरजले. "तू तंबूमा?"

तेवढ्यात फाटक्या पडद्याच्या भोकातून हिरवा पदर पुढे आला. माय होती. ती आबांकडे बघत राहिली, आबा तिच्याकडे. पेटीवाल्याने पेटी थांबवली.

"भजन सरनं का?" मायने विचारलं.

आबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मानेवरचं पागोटं डोक्यावर घेतलं. "आरती बाकी शे," ते म्हणाले.

आणि भोकाच्या मागून एक हसू फुटलं. दाबून ठेवलेलं, नाकातून आलेलं, मग आवरेनासं झालेलं. द्वारका! पदर खांद्यावर पडलेला, हातात भाकरीचा तुकडा तसाच, आणि पोरगी हसून हसून वाकडी झालेली. सासऱ्याकडे बघून हसायचं नाही हे तिला कळत होतं, त्यामुळे तर ते जास्तच येत होतं.

"दखा तिले," माय हळू आवाजात म्हणाली. "नथू गया तवयपासून पोर रडी राहिनी. काय करू, घरमा कोन्ही हासत नही, म्हनीसन तिले हासाले आठे लई उनू. तुम्हीबी हासालेच उनात ना? मंग एक धार तूपकरता तिले कसाले रडाडतस?"

एवढा तंबू भरलेला, पण कोणी शिटीसुद्धा मारली नाही. आबांच्या हातात माझी अर्धी मिशी होती, ती त्यांनी नीट घडी करून खिशात ठेवली. मग घसा खाकरून म्हणाले, "परोनदिन गाडी जुपसू. सून आखाजीले जाई." आणि थोडं थांबून, "तूपना तांब्या संगे दिजो. व्याहीले सांगजो, आते जेना पानमा वाढना शे तेना पानमा वाढ."

मग तंबूवाला कपाळावर हात मारत आला. पण मायने कमरेला पदर खोचला. तंबू शिवायचं दाभण मागून घेतलं, आणि सासू-सुनेने तिथेच बसून पडदा शिवला. पुढचा खेळ त्याच पडद्यावर झाला. गुप्तहेराच्या नाकावरून एक मोठी शिवण जात होती. पडद्याच्या अलीकडून आबा हसायचे आणि पलीकडून माय हसायची, अगदी एकाच वेळी. इतकी वर्षं एका घरात राहून मी हे कधी ऐकलं नव्हतं. मला मात्र हसता येत नव्हतं, कारण ओठ हलला की डिंक ओढायचा.

द्वारका निघाली त्या सकाळी मी गोठ्यात बैलांना पाणी दाखवत होतो. मागे पाऊल वाजलं. पहिल्यांदाच ती आपण होऊन माझ्यापाशी आली होती.

"तुम्ही मायले जे बोलनात ना तंबूमा," ती जमिनीकडे बघत म्हणाली, "ते माले बी ऐकू उनं. मी शेजारेच व्हतू."

मी बैलाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिलो. "मंग?" एवढंच निघालं.

"मंग काय? आखाजी व्हताच तुम्ही सोता लेवाले या," ती म्हणाली आणि पळाली. त्या दिवशी बैल किती पाणी प्यायले ते मला सांगता येणार नाही.

आखाजी झाली आणि आबांनी मलाच गाडी देऊन धाडलं. द्वारकेच्या गावात शिरताच पोरं गाडीमागे धावू लागली, "गुप्तहेर उना! गुप्तहेर उना!" म्हणजे तिने काहीही बाकी ठेवलं नव्हतं. सासऱ्यांनी हसू मिशीत दाबून रामराम केला. सासूबाईंनी घोंगडी अंथरली आणि ओल्या सारवलेल्या भिंतीकडे बोट दाखवत त्या काळजीने म्हणाल्या, "जावईबापू, भीतले टेकू नका हं, आजच सारेल शे."

आणि आतल्या दारातून तेच हसू आलं. माहेरच्या घरात डोक्यावर पदर नव्हता, हातात तांब्या होता, झोक्यावरून नुकतीच उतरलेली, केस विस्कटलेले. तिने मला पाहिलं आणि नजर खाली घातली नाही. मी मनात म्हटलं, गिरधर, पडलास ते फार बरं झालं. असं हसू मिळणार असेल तर माणसाने रोज पडावं. एवढा आनंद मला झाला, की सगळं विसरून, सुखाचा सुस्कारा सोडून, मी आरामात मागे भिंतीला टेकलो.